जावयाची चाकं

माझ्या सासऱ्यांच्या सायकलची दोन्ही चाकं मी स्वतःच्या हातांनी बांधून दिली, ही गोष्ट मी दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होतो. हल्ली कोणी विचारल्याशिवाय तो विषय काढत नाही, कारण आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

मी नरेश. रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. तयार माल पास की नापास एवढं सांगण्याचा मला पगार मिळतो आणि त्यामुळे घरीदारी प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायची सवय लागली आहे. राहायला खालापूरला. बायको दर्शना नर्स आहे. तिला दिवसभर खरीखुरी आजारी माणसं बघावी लागत असल्यामुळे माझ्या शेऱ्यांकडे ती फारसं लक्ष देत नाही.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून रोज चालायला सांगितलं. चालताना ओळखीचे लोक थांबवून गप्पा मारतात, म्हणून मी गिअरची सायकल घेतली. सायकलीने साखर किती उतरली हे दर्शनाला विचारावं. झालं असं, की थोड्याच दिवसांत मागच्या चाकाचा एक आरा तुटला आणि मी सायकल चालवायचं सोडून चाकाच्याच मागे लागलो.

चाकाच्या मधोमध जो लोखंडी गड्डा असतो त्याला हब म्हणतात. तिथून कडेच्या रिमपर्यंत तारेचे आरे जातात. ते सरळ जात नाहीत, एकमेकांना तिरके ओलांडत जातात, आणि खोपोलीपासून कळंबपर्यंत कुठल्याही दुकानात बघा, ते एकाच पद्धतीने भरलेले असतात. शंभर वर्षं लोक एकच पद्धत वापरताहेत, यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं. मला वाटलं, शंभर वर्षांत दुसरं कोणाला सुचलंच नाही.

मोबाइलवर बघायला लागलो तर जगात या एका कामाचे नाना प्रकार निघाले. कोणी सगळे आरे सूर्याच्या किरणांसारखे सरळ लावतं. कोणी तीन-तीनचे झुबके करतं, मधे मोकळी जागा सोडतं. कोणी एका बाजूला एक तऱ्हा आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. पण मी भाळलो तो एका वेगळ्याच प्रकारावर. त्यात शेजारचे दोन आरे जिथे भेटतात तिथे त्यांना एकमेकांभोवती पीळ घालतात आणि मग रिमला नेऊन कसतात. चाक फिरायला लागलं की मधे फुलासारखी नक्षी दिसते. दर्शनाने ते बघितलं आणि ही तर वेणी, असं म्हणून ती कामाला निघून गेली. नाव तेच पडलं.

आमची गॅलरी या कामात गेली. वेल्डरकडून लोखंडी अँगलचा एक स्टँड करून आणला, त्यात चाक उभं करून फिरवायचं आणि कुठे डावीउजवीकडे डुलतं ते बघून आरे कमीजास्त कसायचे. याला दुकानदार आऊट काढणं म्हणतात. माझं पहिलं चाक इतकं आऊट होतं की ते त्या स्टँडमधून बाहेरच येईना. दुसऱ्याचा पापड झाला. त्याला मी नमुना क्रमांक दोन म्हणायचो, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. तिसरं फिरलं. ते मी माझ्या सायकलला पुढे लावलं आणि रविवारी पनवेल-कर्जत भागातल्या सायकलवाल्यांमध्ये घेऊन गेलो. तिथे चांगल्या घरची, चांगल्या नोकऱ्यांची माणसं आहेत. त्यांनी माझ्या चाकाभोवती घोळका केला, फोटो काढले आणि तिथून पुढे मला चाकवाले सर म्हणायला लागले. सर हा शब्द माणसाला फार लवकर नासवतो. मला पंधरा दिवस पुरले.

माझी सासुरवाडी कळंबला. सासरे श्रीपतमामा रेल्वेत गँगमन होते. उभी नोकरी ठाकुरवाडीच्या घाटात रूळ सांभाळण्यात गेली. कळंबहून नेरळ स्टेशनापर्यंत सायकल, तिथून पुढे गाडी, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. निवृत्त झाल्यावर आता भात लावतात, भात निघालं की त्याच खाचरात वाल टाकतात, आणि ती काळी दणकट सायकल त्यांच्याबरोबरच निवृत्त न होता दळणाला, बाजाराला, विहारात सगळीकडे जाते. मागच्या मडगार्डवर निळ्या रंगात ‘जयभीम’ लिहिलेलं आहे, ते त्यांनी स्वतः लिहिलं, म्हणून शेवटचं अक्षर जागा न उरल्याने जरा खाली उतरलेलं आहे.

एका रविवारी जेवण झाल्यावर मी पडवीत त्या सायकलचं चाक बोटाने फिरवून बघितलं. ते डुलत होतं. मी मामांना गंभीरपणे सांगितलं की हे चाक नापास आहे.

“चांगली हायत की चाकं, जावयबापू,” मामा म्हणाले. “थोडी डुलतात. मी बी आता डुलतोच.”

याला मी भिडस्तपणा समजलो. जावयाला खर्चात कशाला पाडायचं म्हणून नाही म्हणताहेत, असं मी स्वतःला समजावलं आणि त्यांच्यासमोर दोन्ही चाकं काढून मोटरसायकलला बांधून आणली. सासूबाई, म्हणजे गंगाबाई, आमच्या मामी, दारात उभ्या राहून बघत होत्या. सायकल चाकांशिवाय भिंतीला टेकून ठेवली होती. मामींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आज सांगू शकतो. त्या दिवशी मला ते कौतुक वाटलं.

मामांच्या सायकलला मागे चाळीस आरे आणि पुढे बत्तीस. वेणीला आरे लांब लागतात, ते मिळवायला वेळ गेला. नवे हब आणले. पीळ घालताना एक आरा निसटून हाताला लागला, त्याची पट्टी मी गरजेपेक्षा जास्त दिवस बांधून फिरलो. महिना उलटून गेला. तेवढे दिवस मामा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जात होते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चाकं घेऊन गेलो त्या दिवशी मामांनी चौदा एप्रिलला घालतात तो पांढरा सदरा घातला होता. शेजारपाजारचे आले होते. माझा मेहुणा प्रबुद्ध, दर्शनाचा धाकटा भाऊ, याने चाकं बसवायला मदत केली. तो कळंबच्याच एका रिसॉर्टच्या किचनमध्ये कामाला आहे, हाताचा चपळ आहे आणि बोलायला कमी. मामा बसले, अंगणातून निघाले, विहाराला वळसा घालून परत आले. चाकांतून चालताना कुर्र कुर्र असा आवाज येत होता. नवं आहे, बसेल हळूहळू, असं मी सगळ्यांना सांगितलं. मामा उतरले आणि म्हणाले, लय भारी. मी तेवढंच ऐकायला आलो होतो, त्यामुळे पुढे काही ऐकलं नाही.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा सासुरवाडीला गेलो तेव्हा सायकल पडवीत उभी असायची आणि माझ्या वेण्या चकाकत असायच्या. मी जेवायच्या आधी पडवीत जाऊन चाक फिरवून बघायचो. केसाएवढाही आऊट नसायचा. मी मामांना सांगायचो, बघा, काही बिघडलं नाही. मामा मान हलवून म्हणायचे, “जसं दिलंत तसं हाय.” यात त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात गेलो तर कर्जतपासून कळंबपर्यंत माझ्या मोटरसायकलला चिखलाचा लेप बसलेला आणि मामांची चाकं मात्र लख्ख. मला त्याचं नवल वाटलं. घरी येऊन मी विचार केला, आणि विचार केला की माझ्याकडून सिद्धांत निघतो. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी लिहिलं, की वेणीच्या चाकात चिखल धरत नाही. पीळ असल्यामुळे चाक फिरताना तो बाहेर फेकला जातो. कोणीतरी पुरावा मागितला. मी फोटो टाकला. शाबासक्या आल्या. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला, तपासायला आलेला नमुना मुळात वापरला तरी जातो का, एवढं विचारायचं सुचलं नाही.

दुसरा पावसाळाही असाच गेला. मग त्या ग्रुपमधल्या किशोरने मला तशीच चाकं मागितली. किशोर पनवेलचा, सायकलवर लांब पल्ल्याच्या सफरी करणारा. त्याला मागे सामान बांधून कोकणात खाली उतरायचं होतं. वेणी वजन झेलेल का, असं त्याने विचारलं. मी हसलो. माझे सासरे दोन पावसाळे भाताची पोती वाहताहेत, म्हटलं. त्याच्या चाकांच्या रिमा मी आणूनही ठेवल्या.

थंडीचे दिवस होते, शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या. कारखान्याने एका कामासाठी मला कर्जतला पाठवलं आणि ते काम दुपारच्या आत संपलं. इतक्या जवळ आलोच आहे तर कळंबला जाऊन जेवावं, असं मनात आलं. फोन केला तर मामी उगाच कोंबडीच्या मागे धावतील, म्हणून कळवलं नाही. मोटरसायकल काढली आणि निघालो.

कळंबच्या अलीकडे पुढे एक सायकल दिसली. कॅरिअरवर शेंगांचं गोणपाट बांधलेलं, आणि मडगार्डवर ते खाली उतरलेलं अक्षर. मामाच. मी हॉर्न वाजवणार होतो. पण सायकल दिसली की माझी नजर आधी चाकाकडे जाते, तशी गेली. वेणी नव्हती. आरे साधे होते, तिरके, एकमेकांना ओलांडून गेलेले, दुकानातले.

माझी पहिली समजूत अशी, की मामांनी कोणाची तरी सायकल आणली असावी. मग ते अक्षर पुन्हा वाचलं. मी मोटरसायकल सायकलच्या वेगाने चालवायला लागलो. मागून एका रिसॉर्टला जाणाऱ्या गाडीने हॉर्न दिला. मामा सवयीने कडेला झाले, मीही त्यांच्या मागे कडेला झालो. गाडी गेली. मामांनी वळून बघितलं नाही आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. चाकं छान चालत होती. कुठेही कुर्र नव्हतं.

नाक्यावर दशरथचं सायकलचं दुकान आहे. मामा तिथे हवा भरायला थांबले. मी समोरच्या टपरीवर उभा राहिलो आणि चहा सांगितला. हेल्मेट घालून चहा पिता येत नाही, हे चहा हातात आल्यावर लक्षात आलं. काढावं तर मामा समोरच. चहा तसाच धरून मी विचार करत राहिलो. समोर जाऊन रामराम-जयभीम करून विचारणं हा एक मार्ग होता. परत फिरून खालापूरला जाणं हा दुसरा. मी तिसराच केला. टपरीच्या मागे जाऊन मामींना फोन लावला आणि सांगितलं, की कर्जतला आलो होतो, तासाभरात घरी येतो.

“या की,” मामी म्हणाल्या. “पन सावकाश या. रस्ता लय खराब हाय.”

रस्ता त्याच महिन्यात नवा झाला होता.

क्षणभरात समोर मामांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दशरथच्या हातात पंप दिला आणि सायकलवर टांग टाकली. ज्या वेगाने ते गेले, तो वेग मी त्यांचा कधी बघितला नव्हता. माझ्या चाकांवर तर नाहीच.

मी तासभर थांबलो. टपरीवाल्याला वाटलं असावं की माझं काहीतरी बिनसलंय, कारण दुसरा चहा त्याने न मागता दिला.

घरी गेलो तेव्हा सायकल पडवीत उभी होती आणि वेण्या चकाकत होत्या. प्रबुद्ध मोरीत हाताला माती लावून खसाखसा धुत होता. हात कोपरापर्यंत काळे. पंपाची मोटर उघडली होती, म्हणाला. मामा खुर्चीत बसले होते आणि थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घाम होता. मोरीच्या मागे काहीतरी गोल, गोणपाटाखाली झाकलेलं होतं.

ज्यांनी असल्या सायकलचं मागचं चाक कधी काढलेलं नाही त्यांना सांगतो. त्याला चेनकव्हर असतं, ते आधी सोडवावं लागतं. कॅरिअर, स्टँड आणि मडगार्डच्या तारा सगळ्या त्याच नटात अडकलेल्या असतात. एक सैल केलं की बाकीचं गळ्यात येतं. दोन्ही चाकं बदलायची म्हणजे हाताची सालं निघतात. हे काम त्या घरात दोन वर्षं, मी येण्याआधी एकदा आणि मी गेल्यावर एकदा, होत होतं. मला वाटलं होतं माझ्या सासुरवाडीत माझ्या चाकांचा मान आहे. मान होता. पण तो कुठल्या जातीचा होता ते मला त्या दुपारी कळलं.

मामा स्वतःहून चाकांची चौकशी कधीच करत नसत. मीच नेहमी करायचो, आणि त्या दिवशी मी पडवीत गेलो नाही, चाक फिरवलं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण मामांनी जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मी भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं, छान झालंय म्हटलं आणि निघालो.

संध्याकाळी दर्शना घरी आली. मी गॅलरीत किशोरच्या रिमांसमोर बसलो होतो. मी तिला एवढंच विचारलं, की मामा साध्या चाकांवर कधीपासून फिरतात. ती पर्स ठेवून समोर बसली आणि हसावं की नाही, याचा तिने बराच वेळ विचार केला.

पहिल्याच आठवड्यात ते झालं होतं. मामा भाताचं पोतं घेऊन गिरणीकडे निघाले. वेणीचा पीळ वजनाने हळूहळू बसतो आणि आरे सैल पडतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. मामांना ते बांधावर कळलं. मागचं चाक मुडपलं आणि मामा पोत्यासकट खाचरात गेले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. प्रबुद्ध धावत गेला तर मामा चिखलात बसून होते आणि त्यांचं पहिलं वाक्य हे होतं, की दर्शनाच्या मालकांना कळता कामा नये. दशरथने वेणी पुन्हा ओढून चाक सरळ करून दिलं आणि वापरायला दुसरी साधी चाकं दिली.

“तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?” मी विचारलं.

“तुम्ही घराला कुलूप लावायचात तेव्हा मी बाबांना फोन लावायचे,” ती म्हणाली. “दोन वर्षांत तुम्हाला कधी वाटलं नाही, ही दर वेळी कळंबला निघताना कोणाशी बोलते?”

मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा ग्रुपवर चिखलाबद्दल लिहीत असायचो.

मग मी विचारलं, की मला का सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगणार होते, पण मामांनी अडवलं. मामांचं म्हणणं असं होतं, की रेल्वेने डगला दिला, बूट दिले, कंदील दिला, पण ते सगळ्या गँगला दिलं. माझ्या एकट्यासाठी बसून कोणी काही बनवलं असेल तर ते जावयानंच. तेव्हा ते वाईट आहे असं तोंडावर म्हणायचं नाही. दर्शनाने हे सांगितलं आणि ती आत गेली. मी रिमांकडे बघत राहिलो. चूक निघालेल्या माणसाला लाज वाटते, तशी मला वाटत होतीच. पण लाजेबरोबर दुसरंही काहीतरी होतं, आणि ते झेपायला जास्त जड होतं.

दुसऱ्या दिवशी मी किशोरला फोन करून त्याची चाकं होणार नाहीत म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं. तो एवढा हसला की शेवटी खोकायला लागला. मग ग्रुपवर लिहिलं: वेणीच्या चाकात चिखल न धरण्याचं कारण सापडलं आहे, चाकं घरात असतात. त्यानंतर बरेच दिवस मला कोणी सर म्हटलं नाही. प्रकृतीला ते मानवलं.

राहिला प्रश्न कळंबचा. मला सगळं ठाऊक आहे, हे मामांना सांगणं म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवणं. म्हणून मी ठरवलं की काही बोलायचं नाही, त्यांची सोय बघायची. आता मीच फोन करायला लागलो. निघताना एक, कर्जतला पोचल्यावर एक. नाक्यावर आलो की टपरीवर थांबायचो, म्हणजे घाईत कोणाच्या बोटाला लागायला नको. टपरीवाला मला जावई म्हणून ओळखायला लागला. दर्शना मागे बसून म्हणायची, की इतका वेळ आईच्या घरी काढला असता तर एव्हाना दुसरा चहा झाला असता.

हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. प्रबुद्धला रिसॉर्टमध्ये बढती मिळाली आणि रविवार हा तिथे सगळ्यात गर्दीचा दिवस. तो माझ्या चाकांसाठी कामावरून धावत घरी येत होता आणि वरिष्ठांची बोलणी खात होता, हे दर्शनाकडून कळलं. तेव्हा मी ती चाकं परत न्यायचं ठरवलं.

त्या रविवारी प्रबुद्ध नव्हता, चाकं बदलून तो कामावर गेला होता. मी मामांना सांगितलं, की सायकलवाल्यांचं एक प्रदर्शन आहे, त्यात ठेवायला ही चाकं हवीत. मामा नाही म्हणाले. मग म्हटलं, पॉलिश करून आणतो. ती चकाकतातच, मामा म्हणाले. मी म्हटलं, आता जुनी झाली, आरे बदलायला हवेत.

“दिलेली वस्तू परत नेत न्हाईत,” मामा म्हणाले. “ती माझी हायत.”

एवढं ठामपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मामी आतून बाहेर येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी चहाच्या कपातली साय बोटाने बाजूला करत बसलो. मामा अंगणाकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

“तुमी येन्याआधी फोन करता, ते बरं करता,” ते म्हणाले.

मी मान वर केली. त्यांच्या तोंडावर काहीही नव्हतं. रूळ तपासताना असेच दिसत असतील.

“पन पोराला आता रविवारी सुटी नाय,” ते पुढे म्हणाले. “तवा तुमीच येऊन लावत जा. पाने हायत घरात.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मामी गालात हसत आत गेल्या.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी वेणीची चाकं काढून साधी बसवली, कारण मामांना संध्याकाळी वाल पोचवायला जायचं होतं. मामा पाटावर बसून नट एका वाटीत जमा करत होते आणि मी चेनकव्हरशी झटत होतो. माझ्या बोटाला चिमटा बसला. चेन दोनदा उतरली. दर्शना दारात येऊन बघून गेली. मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, दोघं मिळून एक चाक काढताय, आमचा पोर एकटा दोन काढतो. मामांनी त्यांना सांगितलं, की हे शिकलेलं काम हाय, त्याला येळ लागतो.

आता असंच चालतं. आम्ही गेलो की आधी जेवण, मग मी आणि मामा चाकं बदलतो. वेण्या लावल्या की मामा अंगणात एक फेरी मारतात, मी मागून कॅरिअर धरून पळतो, कारण मला त्या चाकांचा भरवसा नाही. मामांना आहे, असं ते म्हणतात. कोणी पाहुणा असला तर त्याला ती दाखवतात. मग पुन्हा साधी बसवायची. निघायला उशीर होतो, हात दोन दिवस काळे राहतात, आणि कारखान्यात नमुन्यांच्या बाटल्यांवर माझे ठसे उमटतात.

गेल्या सोमवारी मी कामावर असताना मामांचा फोन आला. ते सहसा फोन दर्शनाला करतात, मला कधी करत नाहीत. मी घाबरून बाहेर येऊन उचलला.

“मडगार्डची तार लावलीच नाय तुमी काल,” मामा म्हणाले. “नेरळपर्यंत खडखडत गेलो. ध्यान कुठं असतं तुमचं?”

मी चुकलं म्हणालो. पुढच्या वेळी बघून बसवा, म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी हे दर्शनाला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे.

“मामांनी मला झापलं,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मग जाऊन लावून या ती तार, रविवारपर्यंत बाबांनी खडखडत का फिरायचं?